म्हणे पद्मिनीपेक्षा ८०० थोर!

कुर्लाकर: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "प्रीमियर पद्मिनी गाडी लोकांनी नाइलाजाने घेतली, खरी क्लासिक मारुती ८००." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर. १०८९ सीसी, चार सिलिंडर, दार लावलं की शेजाऱ्याला कळायचं असा पत्रा. गिअर स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढची सीट सलग. कोकणात जाताना आमची आजी पुढे मधोमध बसायची. ८००मध्ये तिथे हँडब्रेक आहे. बसवा आजीला!

तीन_सिलिंडर: नाइलाजाने नाहीतर काय? १९६४ची फियाट ११००डी, तोच साचा पद्मिनी वगैरे नावं बदलून २०००च्या आसपासपर्यंत विकला. स्पर्धाच नव्हती हो! १४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींनी ८००ची पहिली किल्ली दिली, किंमत पन्नास हजारांच्या आत. आमच्या आईने पद्मिनीच्या स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. ८०० आली आणि बाई एकटीच नाशिकला जाऊन आली.

कुर्लाकर: तेव्हा मारुतीचं मुख्य मालक सरकारच होतं. घरचंच कार्य, मग मुहूर्ताला काय तोटा?

जुनंतेसोनं: गिअरचा विषय निघालाच आहे तर बोलतो. हल्ली पद्मिनी "रिस्टोअर" करतात म्हणजे गिअर जमिनीवर आणतात, बकेट सीट म्हणजे एकेकाची सुटी सीट टाकतात, अलॉय चाकं लावतात आणि वर प्रदर्शनात मिरवतात. लाज वाटत नाही?

पुणे_गॅरेज: मी आणलाय गिअर खाली. नाही वाटत लाज. स्टिअरिंगवरच्या गिअरचे जोड झिजले की रिव्हर्स शोधत बसायचं, मागे हॉर्नचा ऑर्केस्ट्रा. एका दुकानदाराने "ओरिजिनल" म्हणून जुनेच बुश, म्हणजे त्या जोडातल्या कड्या, घासूनपुसून गळ्यात मारले. आधी पार्ट आणून द्या, मग सोवळं पाळा.

जुनंतेसोनं: पार्ट मिळत नाहीत तर गाडी विका. विद्रूप कशाला करता?

पुणे_गॅरेज: पद्मिनीच्या शेवटच्या एस-१ मॉडेलला कंपनीनेच गिअर खाली दिला होता, बकेट सीटसकट. कंपनीलाही लाज नव्हती म्हणा की!

जुनंतेसोनं: एस-१ला मी पद्मिनी मानत नाही.

पुणे_गॅरेज: आपण मानत नाही, विषय संपला. आरसी बुकात दुरुस्ती करून घेतो.

तीन_सिलिंडर: अहो, तुलना पद्मिनी आणि ८००ची चालली होती. ८००मधला गिअर पहिल्यापासून खालीच आहे, कुणाला काही कापावं लागलं नाही.

कुर्लाकर: आणि मुंबईत टॅक्सी म्हणून कोण राबलं? टॅक्सीला वीसच वर्षं या नियमाने ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हा माणसं फोटो काढायला धावली. ८०० जानेवारी २०१४ला बंद झाली, तेव्हा कोण धावलं?

तीन_सिलिंडर: ८००वाले धावले नाहीत, कारण त्यांची गाडी सकाळी सुरू झाली आणि ते कामावर गेले.

कुर्लाकर: बरं बाबा, तुझ्या आईसाठी मान्य. ८००ला इतिहासात जागा आहे. डिकीत नाही.

पुणे_गॅरेज: झालं असेल तर, स्टिअरिंगवरच्या गिअरचे बुश कुणाकडे पडलेत का? एका गिऱ्हाईकाला वरच हवाय. रोख देतो.