चर्चा: आपल्या माणसांबरोबर बाहेर जेवायला जायचं, ते नक्की कोणासाठी?

ओट्यामागून

कोणी म्हणालं, "आज बाहेर जेवू या," की दुसरं कोणीतरी लगेच म्हणतं, "घरचं ते घरचं. बाहेर नुसतं तेल आणि मीठ." आणि मग सगळा वाद पदार्थांवर घसरतो. मला वाटतं, पदार्थ हा मुद्दाच नाही.

घरी चौघं जेवायला बसतात असं आपण म्हणतो, पण बसतात तिघं. चौथं माणूस गरम वाढत असतं, पाणी आणत असतं, मीठ बरोबर आहे ना विचारत असतं. ते टेकतं तेव्हा पहिल्याचा हात धुऊन झालेला असतो. बाहेर गेलं की हे चौथं माणूस बाकीच्यांच्या बरोबरीने बसतं. समोर येणाऱ्या ताटाची चव त्याला आधीपासून पाठ नसते.

चवीचंही सांगते. तासभर एकाच वासात उभं राहिलं की नाक त्या वासाला सरावतं. चवीतला मोठा वाटा वासाचा, त्यामुळे जिने रांधलं तिलाच जेवण सपक लागतं. बाकीचे दुसऱ्यांदा वाढून घेतात, ती दोन घास खाऊन उठते आणि घरचे म्हणतात, हिचं खाणंच कमी.

शिवाय आज काय करायचं, काय संपलंय, कोणाला काय चालत नाही, कालचं काय आधी संपवायला हवं, हे सगळं गॅस पेटवण्याआधीचं. हॉटेलात मेन्यू हातात घेऊन ज्यांना पाव तास ठरत नाही, त्यांनी हे रोज दोन वेळा करून बघावं.

तेव्हा माझं मत असं की साधंसुधं, जवळचं हॉटेल का असेना, अधूनमधून सगळ्यांनी बाहेर जेवावं आणि त्याला चैन म्हणू नये.

मीठपाणी

ताई, दुखणं बरोबर ओळखलंत, पण औषध भलतंच सांगताय.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१८ चा अहवाल आहे. घरकाम, मुलं, आजारी माणसं अशा सगळ्या बिनपगारी कामाचे जगभरातले ७६.२ टक्के तास बायका भरतात. एका संध्याकाळी बाहेर नेल्याने त्यातलं काय हललं? उलट "परवाच तर नेलं होतं बाहेर" हे वाक्य पुढे कितीतरी दिवस ऐकवता येतं. तोंड बंद ठेवायचा हा स्वस्तातला सौदा आहे.

चौथं माणूस बसत नसेल तर बाकीच्या तिघांनी उठावं. सगळी भांडी टेबलावर ठेवा, ज्याचं त्याने वाढून घ्या. "गरमागरम हवं" हा हट्ट सोडा. थोडं निवलेलं अन्न सगळ्यांनी मिळून खाल्लं तर कोणाचं काही बिघडत नाही.

ओट्यामागून

ते तिघं उठतील तेव्हा उठतील. तोवर मी काय करू?

कढईप्रेमी

मला ओट्यापासून सोडवायला कृपया कोणी येऊ नका. मला रांधायला आवडतं. मित्र घरी आले की त्यांनाही कांदे चिरायला बसवतो, आणि खऱ्या गप्पा तिथेच होतात. हॉटेलात काय होतं? वर गाणी, शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस, आपण ओरडून बोलतोय. मोठ्या आवाजात गोड आणि खारट चव बोथट लागते, असं प्रयोगांतही दिसलंय. पैसे देऊन चव घालवायची हौस मला नाही.

"बाहेरच्यासारखी चव घरी येत नाही" यातही जादू काही नाही. मोठी आच आणि कोरडी कढई, एवढंच. अन्नाला तांबूस रंग येताना जो खमंगपणा येतो ती मायार अभिक्रिया. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी ती १९१२ मध्ये मांडली. ती जोर धरते साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे. आता पाणी उकळतं १०० अंशाला. म्हणजे कढईत जोवर पाणी आहे तोवर तापमान तिथेच अडकतं आणि जिन्नस परतला न जाता उकडतो. घरी आपण धुतलेल्या ओल्या भाज्या किंवा मांस एकदम ढिगाने टाकतो, वर झाकण ठेवतो आणि मग म्हणतो, हॉटेलवाले काहीतरी घालतात! जिन्नस फडक्याने कोरडा करा, कढई आधी नीट तापवा, थोडा थोडा टाका, लगेच ढवळत बसू नका. वेळ जास्त लागतो हे कबूल, पण फरक पहिल्या घासाला कळतो.

(घालतात ते बहुतेक लोणीच. तेही मोकळ्या हाताने.)

मीठपाणी

कढईप्रेमी, छान. मित्र येतात तेव्हा तुम्ही रांधता. एरवी कोण?

कढईप्रेमी

एरवी ज्याला वेळ असेल तो. पण तुमचा रोख कळला. हौसेचा स्वयंपाक आणि रोजचा स्वयंपाक यात फरक आहे, मान्य. म्हणून काय हौसेने करणाऱ्याने टेबल बुक करत फिरायचं?

मागच्या_दाराने

मी एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करतो. मघापासून वाचतोय, "बाहेर गेलं की सगळे एकत्र बसतात." सगळे म्हणजे तुमचे. तुमची सुट्टी ती आमची गर्दी. आमच्या घरचे त्या दिवशी आमच्याशिवाय जेवतात आणि आम्ही रात्री उशिरा, उभ्याउभ्याच. ओट्यामागून ताई, तुमचं ते चौथं माणूस आमच्याकडे प्रत्येक पाळीला असतं, फक्त तुम्हाला दिसत नाही.

येऊ नका असं म्हणत नाही. आलात तरच पगार होतो. दोन गोष्टी मात्र ऐका. मीठ-तिखट कमी हवं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, आणि आधी विचारा की कशात कमी करता येईल. रस्सा, सॉस, वाटणं सकाळीच मोठ्या भांड्यात तयार होतात. त्यात पडलेलं मीठ आम्ही काढू शकत नाही. तव्यावर ऐन वेळी भाजायचं असेल तर हात आवरता येतो. सॉस वेगळा द्या म्हटलं तर कोणीही देतं. आणि स्वयंपाकघर बंद व्हायच्या तोंडावर आठ जणांनी येऊन आठ वेगळे पदार्थ मागवू नयेत.

ओट्यामागून

मागच्या_दाराने, मुद्दा पोचला. तरी एक फरक आहे. तुमच्या कामाला पगार आहे, ठरलेली सुट्टी आहे, आणि "किती मायेने करतात" असं म्हणून कोणी ते फुकटात घेत नाही. म्हणूनच मी म्हणते, निदान अधूनमधून तरी हे काम पैसे मोजून करून घ्या. त्याची किंमत काय असते ते बिल आल्यावर सगळ्या घराला कळतं.

मागच्या_दाराने

ठरलेली सुट्टी! बरं.

उरलंसुरलं

अन्न वाया जातं म्हणून बाहेर जेवू नये, असं आमच्याकडे एकजण नेहमी ऐकवतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल त्यांना दाखवला. २०२२ मध्ये जगात दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के घरांतलं, २८ टक्के हॉटेलं-कॅन्टीनसारख्या ठिकाणचं. अर्थात माणूस घरीच जास्त वेळा जेवतो, तेव्हा एवढ्यावरून हॉटेलं साव ठरत नाहीत. पण फ्रीजच्या मागच्या कप्प्यात काय पडलंय ते बघून मगच दुसऱ्याकडे बोट दाखवावं.

आणि उरलेलं बांधून आणलंत तर ते गाडीत ठेवून पुढे फिरायला जाऊ नका. शिजलेलं अन्न बाहेरच्या हवेत दोन तासांहून जास्त ठेवू नये, फ्रीज ५ अंशांच्या खाली हवा. भाताला तर फार जपावं. त्यातले काही जिवाणू शिजवूनही टिकून राहतात, कोमट भातात वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

रविवारची_भूक

आमचा प्रश्न या सगळ्याहून वेगळा आहे. वडिलांना ऐकू कमी येतं आणि डॉक्टरांनी मीठ बेतात ठेवायला सांगितलंय. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. हॉटेलात एका जेवणातच त्यातलं बरंचसं संपतं. वर त्या गोंगाटात त्यांना एक शब्द कळत नाही. सगळे हसले की तेही हसतात, आणि ते बघवत नाही. पण म्हणून दर वेळी आईने रांधायचं, हेही पटत नाही.

हल्ली आम्ही दुपारी उशिरा, टेबलं रिकामी असताना जातो, कोपऱ्यातली जागा धरतो. त्यांना भिंतीकडे पाठ करून बसवतो, म्हणजे मागचा गोंगाट जरा अडतो. तेही जमलं नाही तर बाकीच्यांचं पार्सल घरी आणतो, आणि त्यांच्यापुरतं साधं काहीतरी घरी करतो.

मीठपाणी

उपाय चांगला आहे. ते "त्यांच्यापुरतं साधं काहीतरी" कोण करतं, तेवढं सांगा.

रविवारची_भूक

मी. भात आणि उकडलेल्या भाज्या जमतात, त्यापुढे काही नाही. भाज्यांचं आई म्हणते, जरा जास्तच उकडतोस. पण म्हणते ती खुर्चीत बसून.