डेक्कन कॉलेजच्या जुन्या इमारतीत मुलं खरंच राहायची का?

मुठाकाठची
नमस्कार मंडळी. माझा भाचा पुढच्या आठवड्यात नागपूरहून येतोय. अकरावीत आहे आणि टिळकांवर प्रकल्प करतोय. टिळक विद्यार्थी असताना राहायचे ती खोली डेक्कन कॉलेजात जपून ठेवलीय, असं त्याने कुठेतरी वाचलंय. मी जन्माची पुणेकर, पण येरवड्याच्या त्या आवारात कधी पाऊल टाकलेलं नाही. फोटोत तर ती इमारत चर्चच वाटते. तिथे कॉलेज होतं, हॉस्टेल होतं, की पहिल्यापासून संशोधन संस्थाच आहे? आणि हॉस्टेल होतं तर बंद का पडलं?

खापरवाला
ताई, तिन्ही खरं आहे, फक्त काळ वेगवेगळे. मी ऐंशीच्या दशकात तिथे पुरातत्त्वात एमए केलं, त्यामुळे थोडं लांबण लावणार. माफी असावी.

मुळात ही संस्था या इमारतीहून जुनी. 1821 साली एल्फिन्स्टनच्या काळात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, पेशवे ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे त्या निधीतून. 1851 मध्ये तिला इंग्रजी शाळा जोडली आणि पूना कॉलेज झालं. मग सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाखाच्या देणगीच्या बळावर नदीपलीकडे येरवड्याला नवी इमारत उभी राहिली. कॅप्टन विल्किन्स नावाच्या लष्करी इंजिनिअरने आराखडा केला. 1864 ला पायाभरणी, 1868 ला उद्घाटन. काळा दगड, उतरती छपरं, कमानी, मनोरा. चर्च वाटतं ते उगीच नाही, त्या काळी साहेबाला कॉलेज म्हटलं की हेच डोळ्यांपुढे यायचं.

गावापासून इतक्या लांब रोज कोण येणार? म्हणून राहण्याची सोय इमारतीतच. मधे व्याख्यानाच्या खोल्या आणि मोठा हॉल, बाजूच्या भागांत मुलांच्या खोल्या. टिळक तिथले, आगरकरही तिथले. टिळकांनी पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून तालमीत आणि पोहण्यात घालवलं, ही गोष्ट भाच्याला पुस्तकात सापडेलच. आगरकरांकडे एकच सदरा असायचा, रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा. टिळक एलएलबी करत होते आणि आगरकर एमए, त्या दिवसांत दोघांच्या तासन् तास गप्पा चालायच्या. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, हे तिथे ठरलं. 1880 च्या जानेवारीत चिपळूणकरांसोबत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, ते त्यातूनच.

1934 मध्ये सरकारने खर्च परवडत नाही म्हणून कॉलेजच बंद केलं. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले. शेवटी 17 ऑगस्ट 1939 ला दारं उघडली, पण बीएच्या मुलांसाठी नाही, पदव्युत्तर संशोधनासाठी. पुरातत्त्वातले सांकलिया, मानववंशशास्त्रातल्या इरावतीबाई कर्वे, भाषाशास्त्रातले कत्रे ही मंडळी तेव्हा आली. म्हणजे हॉस्टेल कुणी ठरवून बंद केलं नाही. पोरं गेली आणि त्यांच्या जागी मडकी, हाडं आणि हस्तलिखितं राहायला आली.

आमच्या वेळी पदवी पुणे विद्यापीठाची मिळायची, अभिमत विद्यापीठाचा दर्जा 1990 चा. आम्ही राहायचो आवारातल्या वेगळ्या हॉस्टेलात. उत्खननाहून कापडी पिशव्या भरभरून खापरं यायची. ती बादलीत बुडवून, जुन्या टूथब्रशने घासून उन्हात मांडायची आणि मग प्रत्येक तुकड्यावर काळ्या शाईने स्थळाची अक्षरं नि थराचा आकडा घालायचा. माझं टोपणनाव त्यातूनच आलंय. दुपारभर हे केल्यावर रात्री जेवताना ताटाकडेही संशयाने बघायचो.

टिळकांची खोली आहे, हो. जरूर बघा.

फर्ग्युसनचा_मुक्या
खापरवाला, छान लिहिलंत. आमच्याकडे उलट प्रकार आहे. फर्ग्युसनच्या वसतिगृहात 17 नंबरची खोली सावरकरांची. 1905 ला विदेशी कपड्यांची होळी केल्यावर त्यांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहातून बाहेर काढलं. ज्या वसतिगृहाने काढलं तिथेच आता जयंतीला, 28 मे रोजी, लोक रांग लावून खोली बघायला येतात. पण एवढी एकच खोली स्मारक. बाकी वसतिगृह चालू आहे, कठड्यावर टॉवेल वाळत असतात. मला हे जास्त आवडतं.

स्पष्टच_सांगतो
मग डेक्कन कॉलेजातही तेच करा की! लांबून येणाऱ्या मुलांना पुण्यात कॉट बेसिसवर राहायलाही किती पैसे मोजावे लागतात माहितीये? एवढी मोठी इमारत, बाजूला पूर्वीच्या खोल्या, आणि ठेवायचं काय तर मडक्यांचे तुकडे.

खापरवाला
स्पष्टच, राग समजतो, माझी मुलगीही कॉट बेसिसवरच राहिली. पण त्या खोल्या कंदिलाच्या आणि बादलीच्या आंघोळीच्या जमान्यातल्या. आता प्रत्येकाला गीझर, लॅपटॉप आणि चार चार्जर. दीडशे वर्षांच्या दगडी भिंतीत पाण्याचे पाइप खेळवा, मग ओल कुठून फुटते ते शोधत बसा. मुलांसाठी आवारात नवी वसतिगृहं बांधायला जागा आहे. शंभराहून जास्त एकर आहेत, तो आग्रह धरा, मी सही करतो.

आणि 'मडक्यांचे तुकडे' म्हणालात म्हणून सांगतो. याच आवारात 1948 पासून संस्कृत शब्दकोशाचं काम चालू आहे. ऋग्वेदापासूनच्या ग्रंथांतून शब्द उतरवलेल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तिथे खणांत ठेवल्यात. पहिला खंड 1976 ला आला. त्यानंतर तिसाच्या वर खंड निघाले आणि गाडी अजून 'अ'तच आहे. काहींना हे हसण्यासारखं वाटतं. मला वाटतं, असं काम ठेवायला जुनी, जाड भिंतींची, कुणाला घाई नसलेली जागाच लागते. स्मारकाच्या खोलीपेक्षा मला या चिठ्ठ्या त्या जागेच्या खऱ्या रहिवासी वाटतात.

एक गोष्ट मात्र खटकते. आमच्याकडे बघायला येणारे सगळे टिळकांचीच खोली विचारायचे. आगरकरांचं नाव कुणी काढलेलं मला आठवत नाही, आणि ते पुढे 1892 मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले होते!

ताई, भाच्याला न्यायचं तर कामाच्या दिवशी जा, आधी कार्यालयात फोन करा आणि त्याच्या कॉलेजचं पत्र जवळ ठेवा. मराठा इतिहासाचं आणि पुरातत्त्वाचं संग्रहालयही पाहता येईल का, ते तेव्हाच विचारा.

मुठाकाठची
सगळ्यांचे आभार. भाच्याला धागा वाचायला दिला. त्याचा पहिला प्रश्न: चिठ्ठ्या बघायला देतात का?