सीडी-१९ निगेटिव्ह रिलॅप्स : टी-पेशी काम करत असताना ल्युकेमिया परत कसा येतो?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला, वय १९, बी-सेल अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया आहे. केमोथेरपीनंतर आजार उलटल्यामुळे त्याला सीडी-१९ या पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनावर नेम धरणारी कार-टी सेल थेरपी (टी-पेशींत नवे जनुक घालून त्यांना ल्युकेमियाच्या पेशी ओळखून मारायला लावणारा उपचार) देण्यात आली. महिन्याभरानंतरच्या बोन मॅरो तपासणीत ल्युकेमियाची एकही पेशी सापडली नव्हती. सात महिन्यांनी आजार पुन्हा उलटला आहे.

नव्या अहवालातील दोन ओळींचा मेळ मला घालता येत नाही. एका ओळीत ‘ब्लास्ट ६२ टक्के, सीडी-१९ निगेटिव्ह, सीडी-२२ पॉझिटिव्ह’ असे आहे (ब्लास्ट म्हणजे ल्युकेमियाच्या अपक्व पेशी, सीडी-२२ हे बी-पेशींवरील आणखी एक प्रथिन) आणि तिच्याच खाली ‘सामान्य बी-पेशी आढळल्या नाहीत’ असे लिहिले आहे. डॉक्टर म्हणाले की, याचा अर्थ कार-टी पेशी अजून काम करत आहेत. त्या काम करत असतील तर आजार परत आला कसा? उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालू आहेत. पुढच्या भेटीत नेमके काय विचारावे, एवढे कळण्यापुरता हा विषय समजून घ्यायचा आहे.

पेशीजाल

आपल्या भावाच्या आजाराबद्दल वाचून फार वाईट वाटले. मी रेण्वीय जीवशास्त्रात संशोधन करतो, रुग्ण तपासत नाही. त्यामुळे फक्त यंत्रणेबद्दल लिहितो.

त्या दोन ओळी परस्परविरोधी नाहीत. सीडी-१९ सारख्या लक्ष्याला ‘ट्यूमर अँटिजेन’ म्हणतात आणि त्या शब्दामुळे असा समज होतो की, ते प्रथिन केवळ कर्करोगाच्या पेशीवर असते. सीडी-१९ तसे नाही. ते प्रत्येक निरोगी बी-पेशीवर जवळजवळ तिच्या जन्मापासून असते आणि ल्युकेमियाची पेशीही मुळात बी-पेशींच्याच कुळातली असल्यामुळे तिच्यावरही असते. म्हणून कार-टी पेशी दोघींनाही मारतात. निरोगी बी-पेशींचा हा ऱ्हास इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे तयार प्रतिपिंडे) देऊन सांभाळता येतो, म्हणूनच हे लक्ष्य वापरणे परवडते. तेव्हा सामान्य बी-पेशी न दिसणे म्हणजे पहारा चालू असणे, हे डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे. मात्र हा पहारा एकाच खुणेवर चालतो आणि ती खूण नसलेली पेशी त्यातून सुटते.

खूण नाहीशी होण्याचे मार्ग अनेक आहेत. कधी सीडी-१९ च्या जनुकाच्या एका प्रतीत उत्परिवर्तन होते आणि दुसरी, निरोगी प्रत गळून पडते. कधी जनुक शाबूत असते, पण त्यापासून बनलेल्या आरएनएची जोडणी करताना दुसरा एक्सॉन (प्रथिनाची माहिती असलेला जनुकाचा एक तुकडा) वगळला जातो. प्रथिन तयार होते, मात्र कार-टी पेशीवरील प्रतिपिंडाच्या तुकड्याला जो भाग ओळखू येतो नेमका तोच त्यात नसतो, शिवाय असे प्रथिन बहुतांशी पेशीच्या आतच अडकून राहते. सीडी-१९ ला पृष्ठभागापर्यंत पोहोचण्यासाठी सीडी-८१ या दुसऱ्या प्रथिनाची सोबत लागते. ती सोबत तुटली तरी परिणाम तोच होतो.

एक विरळ उदाहरण मला विसरता येत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये असा रुग्ण नोंदवला की, त्याच्या टी-पेशींमध्ये कारचे (म्हणजे सीडी-१९ ओळखणाऱ्या कृत्रिम प्रथिनाचे) जनुक घालताना ते चुकून ल्युकेमियाच्या एका पेशीतही शिरले. त्या पेशीवर उगवलेला कार तिच्याच सीडी-१९ ला चिकटला आणि खूण झाकली गेली. त्या एका पेशीपासून वाढलेला आजार नऊ महिन्यांनी समोर आला.

हा एखाद्या उत्पादनाचा दोष नव्हे. अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळालेली टिसाजेनलेक्लूसेल घ्या, किंवा आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल सेंटर यांच्या संशोधनातून आलेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळालेली नेक्सकार१९ घ्या. लक्ष्य तेच असल्यामुळे निसटण्याची वाटही तीच आहे. सीडी-१९ शिवाय जगू शकणाऱ्या मोजक्या पेशी बाकी साऱ्या मारल्या गेल्यावर वाढतात. म्हणजे उपचार स्वतःच त्यांची निवड करतो.

सूक्ष्मदृष्टी

मी फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशींवरील प्रथिनांवरून त्या ओळखण्याच्या तपासणीच्या) प्रयोगशाळेत काम करते. वरील प्रतिसादाला एक व्यावहारिक जोड देते. बी-पेशी शोधताना आम्ही एरवी पडद्यावर आधी सीडी-१९ असलेल्या पेशींचा पुंजका वेगळा काढतो आणि मग त्यातील विकृत पेशी पाहतो. या उपचारानंतर तीच पद्धत वापरली, तर सीडी-१९ गमावलेल्या पेशी पहिल्याच पायरीवर बाहेर राहतात आणि अहवाल निष्कारण निर्धास्त येतो. म्हणून सीडी-२२, सीडी-२४ किंवा पेशीच्या आतील सीडी-७९ए यांसारख्या खुणांवरून शोध घ्यावा लागतो. यापुढील प्रत्येक तपासणीच्या अर्जावर ‘सीडी-१९ विरोधी उपचार झाला आहे’ असे ठळक लिहिले आहे ना, हे आपण स्वतः पाहावे.

दुसरे म्हणजे, सीडी-२२ नुसते ‘पॉझिटिव्ह’ आहे एवढ्यावर थांबू नका. ते किती टक्के पेशींवर आहे आणि प्रत्येक पेशीवर किती दाट आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. या सात महिन्यांत त्याच्या पथ्यात काही कमी पडले का, हेच मी शोधत होतो. आता सीडी-२२ वर उपचार केला, तर तेही असेच नाहीसे होईल का?

रक्तपेढीकर

मी रक्तविकारांचा डॉक्टर आहे. आधी पथ्याबद्दल सांगतो : या घडामोडीशी आपल्या देखभालीचा काडीचाही संबंध नाही.

सीडी-२२ ची तऱ्हा थोडी वेगळी आहे. ते बहुधा समूळ नाहीसे होत नाही, तर विरळ होते आणि कार-टी पेशीला तेवढ्याने ओळख पटत नाही. वर दाटपणाचा मुद्दा आला तो याचसाठी. प्रतिपिंड चिकटल्यावर सीडी-२२ पेशीच्या आत ओढले जाते. इनोटुझुमॅब ओझोगामायसिन हे औषध याचाच उपयोग करते : प्रतिपिंडाला बांधलेले कॅलिकीअमायसिन आत शिरते आणि डीएनएचे दोन्ही धागे तोडते. मात्र या औषधाने यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद होण्याचा धोका असतो आणि नंतर बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचे असल्यास तो वाढतो. म्हणून डॉक्टरांना विचारा, ट्रान्सप्लांटचा विचार आहे का, आणि असल्यास त्याआधी या औषधाच्या किती फेऱ्या देणार.

आपली स्वतःची एचएलए तपासणी (ट्रान्सप्लांटसाठी दाता रुग्णाशी जुळतो का, हे पाहणारी) झाली आहे का? सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते.

कृष्णाकाठ

झालेली नाही. धाकटी बहीणही आहे. सोमवारी आम्ही दोघेही रक्त द्यायला जातो.