थायमसमध्ये छाननी होते, मग रेग्युलेटरी टी पेशी कशासाठी?

प्रश्न: मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या टी पेशी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) थायमस या छातीतल्या ग्रंथीत बाद होतात, असं सांगते. मग त्यांना आवर घालणाऱ्या वेगळ्या रेग्युलेटरी टी पेशी कशाला?

उत्तर: मॅडम, ती चाळणी पक्की नाही, काही पेशी निसटतातच. जपानी शास्त्रज्ञ साकागुचींनी १९९५ मध्ये पृष्ठभागावर सीडी२५ हे प्रथिन असलेल्या टी पेशी वगळून उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरांना टोचल्या. उंदरांच्या स्वतःच्याच अवयवांवर हल्ला सुरू झाला! वगळलेल्या पेशीही सोबत दिल्या, तर हल्ला टळला; त्याच या रेग्युलेटरी टी पेशी. इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच बघायला मिळतो.

प्रश्नकर्ती: पण त्या आवरतात कशा?

उत्तर: मार्ग बरेच आहेत. सीडी२५ हा इंटरल्युकिन-२ या टी पेशींना वाढवणाऱ्या प्रथिनाच्या ग्राहीचा भाग. हे प्रथिन रेग्युलेटरी पेशी स्वतःच शोषून घेतात, इतर टी पेशींना वाढायला पुरत नाही. शिवाय सीटीएलए-४ हे आपल्यावरचं प्रथिन वापरून डेंड्रायटिक पेशींवरची (टी पेशींना चेतवणाऱ्या पेशी) सीडी८० आणि सीडी८६ ही चेतवणारी प्रथिनं अक्षरशः ओरबाडून काढतात.

आणखी एक उत्तर: रेग्युलेटरी टी पेशी घडवणारं जनुक फॉक्सपी३ राहिलं! त्यात बिघाड असला की आयपेक्स हा शरीर स्वतःवरच उलटण्याचा जन्मजात आजार होतो. मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, न थांबणारे जुलाब, इसब. ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुचींना २०२५ चं नोबेल याच कामासाठी मिळालं. वर्गात जरूर सांगा.