दृष्टी-कॉर्टेक्सला ‘बहुसंवेदी’ म्हणण्याची घाई होतेय का?

तलावपाळीकर, ठाणे
कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर. त्याबद्दल अजूनही शिकवतात ते असं: डोळ्यांची माहिती दृष्टी-कॉर्टेक्समध्ये, कानांची श्रवण-कॉर्टेक्समध्ये, आणि दोघांची गाठ पडते ती वरच्या मजल्यावर, म्हणजे पुढच्या टप्प्यावरच्या भागांत. ही शिडी आता मोडीत काढावी असं माझं स्पष्ट मत आहे. माकडांमध्ये श्रवण-कॉर्टेक्सकडून थेट व्ही-१ मध्ये (दृष्टी-कॉर्टेक्सच्या पहिल्या पायरीत) जाणारे तंतू २००२ मध्येच दाखवले गेले, तेही मुख्यतः नजरेच्या कडेचा भाग सांभाळणाऱ्या जागेत. २००७ मध्ये लाकाटोस आणि सहकाऱ्यांना दिसलं, की स्पर्शाच्या संकेताने श्रवण-कॉर्टेक्सच्या वरच्या थरांतल्या विद्युत लहरींची फेज (चढ-उताराचा टप्पा) नव्याने लागते. मग आवाज लहरीच्या उत्तेजित टप्प्यावर पोचला तर प्रतिसाद वाढतो, उलट टप्प्यावर पोचला तर दबतो. पहिल्याच पायरीवर सरमिसळ असेल तर शिडी कसली?

ऐरोलीकर
सरमिसळ आणि एकत्रीकरण यात तुम्ही गल्लत करताय. उंदराला आवाज ऐकवला की व्ही-१ मधल्या पेशी पेटतात, हे बरीच वर्षं ‘बहुसंवेदी’ (अनेक इंद्रियांची माहिती जोडणारं) म्हणून खपलं. २०२३ मध्ये बिंबार आणि सहकाऱ्यांनी न्यूरोपिक्सेल इलेक्ट्रोडने (एकाच वेळी अनेक पेशी टिपणाऱ्या सुईने) नोंदी घेतल्या. श्रवण-कॉर्टेक्सकडून येणारे तंतू तोडले तरी प्रतिसाद तसाच राहिला. आवाजाने उंदीर किंचित हलतो, आणि त्या हालचालीवरूनच व्ही-१ चा प्रतिसाद नेमका वर्तवता आला. म्हणजे पेशींपर्यंत पोचली होती ती अंगाची हालचाल, आवाज नव्हे!

म्हणून प्रयोग लावताना चेहऱ्यावर आणि मिशांवर कॅमेरा हवाच. डोळ्याच्या बाहुलीचा आकार नोंदवायचा, हालचालीचा वाटा गणिताने वजा करायचा आणि उरेल त्यावरच बोलायचं. ‘काहीच दाखवलं-ऐकवलं नाही’ अशा फेऱ्याही लागतात. त्या नसतील तर नुसतं दृश्य आणि नुसता आवाज यांची बेरीज करताना पेशीची संकेताविनाही चालू असलेली मूळ धडधड दोनदा मोजली जाते. बेरीज फुगते आणि एकत्र प्रतिसाद उगाच कमी दिसतो.

नेरूळकर
ऐरोलीकरांशी सहमत, पण मोजायचं कसं तेही सांगायला हवं. स्टाईन आणि मेरेडिथ यांनी मांजराच्या सुपीरियर कॉलिक्युलसमध्ये (कॉर्टेक्सखालच्या, नजर वळवणाऱ्या भागात) वापरलेला हिशेब अजून चालतो: एकत्र प्रतिसादातून सर्वांत चांगला एकेरी प्रतिसाद वजा करा, त्याच एकेरी प्रतिसादाने भागा, शंभराने गुणा. समजा अंधुक दृश्याला ४ स्पाइक (पेशीचे विद्युत ठोके), हलक्या आवाजाला २ आणि दोन्ही मिळून ९. वाढ १२५ टक्के, आणि ९ हे ६ च्या बेरजेपेक्षाही जास्त. तीच पेशी ठळक संकेतांना २०, १० आणि एकत्र २४ देते. वाढ फक्त २० टक्के. संकेत जितके कमजोर, तितका जोडीचा फायदा मोठा. ठाणे स्टेशनच्या गोंगाटात समोरच्याचे ओठ दिसले की बोलणं लागतं, ते याच जातीचं.

एफएमआरआयवर (मेंदूतल्या रक्तप्रवाहावरून हालचाल टिपणाऱ्या स्कॅनवर) मात्र हा बेरजेचा निकष लावू नका. एका व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे स्कॅनच्या एका छोट्या घनात, लाखो पेशी. काही फक्त ऐकणाऱ्या, काही फक्त बघणाऱ्या. एकही पेशी दोन्ही जोडत नसली तरी व्हॉक्सेल दोन्हींना प्रतिसाद देतो.

तलावपाळीकर, ठाणे
हालचालीचा मुद्दा मान्य, उंदरांपुरता. पण त्या कात्रीने लाकाटोसचा निष्कर्ष कापता येत नाही. तिथे स्पर्श आणि आवाज यांतलं अंतर बदललं की परिणाम वाढीतून दबण्याकडे जातो. अंग हलल्याने असं नेमकं वर-खाली कसं होईल?

आणि वेळेचा प्रश्न कुणीच काढला नाही. विसर्जनाला तलावपाळीवर शंभर मीटरवरच्या पथकाकडे बघा. टिपरू ढोलाच्या पानावर पडताना आधी दिसतं, ठोका साधारण ०.३ सेकंदांनी येतो. दहा मीटरवर हा उशीर ३० मिलिसेकंद, आणि रेटिना (डोळ्याचा आतला पडदा) कानापेक्षा सावकाश चालत असल्याने तेवढा आत भरून निघतो. टीव्हीच्या प्रसारणातही आवाज सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला तरच खटकतो, पण ४५ पुढे गेला की लगेच. असली मुभा वरच्या मजल्यावर एकदाच ठरते, असं मला वाटत नाही.

ऐरोलीकर
वरचा मजला इतका फालतू नाही. मांजराच्या कॉर्टेक्समधला ‘एईएस’ हा वरच्या टप्प्याचा भाग थंड करून बंद पाडला, तर कॉलिक्युलसमधली पेशी प्रकाशाला उत्तर देते, आवाजालाही देते, पण दोन्ही मिळून वाढ होत नाही. जोडण्याची कला तिला कॉर्टेक्स पुरवतो. अंधारात वाढवलेल्या मांजरांत तर ती येतच नाही. तंतू जन्मतः असणं आणि ते वापरायला शिकणं वेगळं. तुमचे २००२ चे तंतू पहिल्या गोष्टीचा पुरावा आहेत.

नेरूळकर
मग प्रयोग एकच उरतो. माकडाच्या श्रवण-कॉर्टेक्समधून व्ही-१ कडे जाणारे तंतूच तेवढे प्रकाशाने बंद करायचे, हालचाल नोंदवायची, आणि कडेच्या नजरेत अंधुक ठिपका ठेवून वाढ मोजायची. वाढ गेली तर तलावपाळीकर बरोबर.