साठ हजारांची पुडी रोज की आठवड्याला?

ए-302: मंडळी, आईचा रिपोर्ट आला. व्हिटॅमिन डी 11. खाली छापलंय, 20 च्या खाली म्हणजे कमतरता. रत्नागिरीत राहून?

बी-104 काकू: आमच्या ह्यांचंही कमीच आलेलं. मेडिकलमधून डी ची 60,000 युनिटची पुडी आण नि दुधातून रोज दे. गुडघे धरायचे थांबतील.

ए-201, फार्मसीवाली: काकू, रोज नाही हो! ती पुडी आठवड्यातून एकदा, बहुतेक आठ आठवडे, तीही डॉक्टरांनी लिहून दिली तरच. हे चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. अति झालं की रक्तात कॅल्शियम चढतं. उलट्या, सारखी तहान, बद्धकोष्ठ, पुढे किडनीवर येतं. काकांना अजून रोज देताय?

बी-104 काकू: नाही गो, चार-पाच दिवस दिली नि विसरले.

ए-201: बरं झालं विसरलात.

सी-3 काका: आमच्या वेळी कुठे होत्या टेस्टा? सकाळी कोवळ्या उन्हात मांडवीला चक्कर मारा.

ए-201: चक्कर मारा काका, पण डी साठी कोवळं ऊन फारसं कामाचं नाही. त्याला लागतात ते यूव्ही-बी किरण सूर्य वर चढल्यावर पोचतात, 11 ते 3 च्या सुमारास. आपली सावली आपल्याहून आखूड असेल तेव्हा. बंद काचेआड बसून तर काहीच नाही.

ए-302: आणि जूनपासून ऊन दिसलंय कुठे?

सी-3 काका: मग तारली खा, बांगडे खा.

ए-302: श्रावण आहे, काका.

सी-3 काका: हां. मग गणपती होईस्तोवर थांबा.

ए-201: 11 वरून वर यायला नुसते मासे पुरायचे नाहीत. 302, आईंना मुतखडा होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

बी-203: लॅबवाला दहा फ्लॅट झाले तर सूट देतोय. सगळेच करूया का टेस्ट?

ए-201: माझ्या मते नको. धडधाकट माणसांची सरसकट टेस्ट नको, असं अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनेही (हार्मोनच्या डॉक्टरांची संघटना) 2024 मध्ये सांगितलंय. लहान मुलं, गरोदर बायका, 75 च्या पुढचे, यांना टेस्ट न करताही डी देता येतं. पण रोजचा छोटा डोस, पुडी नव्हे.

ए-302: आई 78. उद्याच नेते डॉक्टरांकडे.

सेक्रेटरी: लॅबच्या टेस्टसाठी नावं ग्रुपवर घेऊ नयेत. गच्चीवर शेवाळ धरलंय, घासून होईपर्यंत चावी मिळणार नाही.

बी-104 काकू: मग ऊन खायचं कुठे, पार्किंगात?