मदत हवी आहे: जुन्या बोटीचे दोन्ही इंजिन बदलायचे, कोणते घेऊ?

फुटाळा_किनारा: मंडळी अर्जंट आहे. घरची जुनी मोटरबोट आहे, काकांनी घेतलेली, दोन इंजिनवाली. डावं सुरूच होत नाही, उजवं नुसतं धूर सोडून राहिलं. मेकॅनिक म्हणते दोन्ही बदला. दिवाळीत सगळे भाऊबहिणी येऊन राहिले, त्याच्या आत पाहिजे. टू स्ट्रोक घेऊ का फोर स्ट्रोक? किंमत पण सांगा.

गाळमिस्त्री: किती एचपी? आउटबोर्ड का आत बसवलेले? शाफ्ट, म्हणजे इंजिनचा पाण्यात जाणारा दांडा, १५ इंची का २० इंची? काहीच न सांगता कोणते घेऊ म्हणते!

रामटेकचा_पोट्टा: खिंडसीला बोटिंग मस्त असते, पावसाळा संपला की जा. आधी गड मंदिर करायचं मग तलाव.

फुटाळा_किनारा: खिंडसी पाहिली आहे हो. आउटबोर्ड, ४० चे दोन, टू स्ट्रोक, बोट फायबरची. तलावातच चालते. शाफ्ट कसा मोजू?

गाळमिस्त्री: शाफ्ट नाही, ट्रान्सम मोज, म्हणजे मागची फळी जिथं इंजिनचे क्लॅम्प बसतात, शाफ्ट त्याच मापाचा लागते. वरच्या काठापासून तळापर्यंत टेप लाव, आणि तळ व्ही असेल तर मधोमध नाही, इंजिन लटकते त्याच जागी.

एकच_भारी: दोन कशाले पाहिजे? एकच ६० चं फोर स्ट्रोक लाव, पेट्रोल वाचते.

वल्हेवाला: आणि ते मधातच बंद पडलं म्हणजे? मे महिन्याच्या दुपारी वल्हं मारून पाहा एकदा. दोन आहेत तर दोनच ठेव, पण वजन पाहा. ४० चं टू स्ट्रोक ७०-७५ किलो, फोर स्ट्रोक शंभरच्या जवळ. जोडी म्हणजे मागं ५० किलो जास्त, सगळे भाऊबहिणी मागंच बसले तर पाणी आत.

एकच_भारी: म्हणूनच एक म्हणलं ना भाऊ.

जुना_स्कूटरवाला: बदलू नका, स्कूटरचं टूटी (टू स्ट्रोकचं) ऑइल पेट्रोलमध्ये जरा जास्त टाका, चालते.

गाळमिस्त्री: अजिबात नको. टू स्ट्रोक आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू३ चंच, म्हणजे बोटीच्या इंजिनसाठीचं, ऑइल लागते, एक लिटरला ५० लिटर पेट्रोल. अन् धूर त्यानंच होत असेल. डाव्याचं पण आधी पेट्रोल पाहा. आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येते, इथेनॉल पाणी ओढते, बोट महिनोन्महिने उभी राहिली की ते थर होऊन तळाला बसते अन् पाइप तिथूनच ओढते. टाकीच्या तळचं काचेच्या बाटलीत काढ, रात्रभर ठेव, दोन थर दिसले तर सापडलं. मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पाहा, दोन्ही सिलिंडरचं जवळजवळ सारखं आलं तर इंजिन कशाला फेकतो? अन् हातोडीच्या दांड्यानं ट्रान्सम ठोकून पाहा, भद्द आवाज आला तर आतलं लाकूड सडलं असेल.

हक्काचं_बोला: लाइफ जॅकेट किती आहेत? ते कोणी विचारतच नाही.

फुटाळा_किनारा: जॅकेट आहेत! ट्रान्सम २० इंच आला. ठोकला, डावीकडे टणटण, उजव्या इंजिनखाली भद्द आवाज येते. पण काकांनी फळीत फायबरच्या आत पक्कं मरीन प्लाय टाकलं होतं.

वल्हेवाला: मग नवीन इंजिनचं नावच काढू नको. आतून बारीक ड्रिल मार, भुसा कोरडा पांढरा आला तर ठीक, ओला काळपट निघाला तर प्लाय सडलं. त्यावर शंभर किलो लटकवशील तर इंजिन तलावाच्या तळाशी शोधावं लागेल.

एकच_भारी: एकच लावलं तर मधली जागा टणटण असेल, तिथं बसते.

वल्हेवाला: फळी एकच असते बे. सडणं मधात येऊन थांबते का?

फुटाळा_किनारा: उद्या ड्रिल मारतो, पेट्रोलची बाटली पण ठेवतो. पण किंमत कोणीच सांगितली नाही!

रामटेकचा_पोट्टा: बोट विकायची आहे का?